मेदात राहिलेली बाकी : प्रस्तावना

आमच्या गावी हिवताप निर्मूलनाचे पथक फवारणीसाठी येई, तेव्हा धान्याची मडकी, पाण्याचे हंडे, देवघरातील समया आणि पाळण्यासकट तान्हे मूल असा सारा संसार अंगणात काढून ठेवावा लागे. आणि ती खाकी पोशाखातील माणसे आतल्या भिंतींवर पांढुरका फवारा मारून, चौकटीशेजारी गेरूने तारीख लिहून पुढच्या घराकडे वळली, की जाता जाता एक ताकीद न विसरता देऊन जात : आता काही महिने भिंती सारवायच्या नाहीत. सारवले तर औषध शेणामातीखाली गाडले जाईल आणि भिंतीवर टेकलेला डास मरणार नाही, असा त्या ताकिदीचा अर्थ होता. सणावारी सारवणावाचून घर ठेवणे माझ्या आईच्या जिवावर येई, तरी तिने ती ताकीद पाळली, कारण हिवतापाने घरातील माणसे अंथरुणाला खिळलेली तिने पाहिली होती. जे औषध एकदा मारले असता सहा सहा महिने जागचे हलत नाही, ते त्यानंतर तरी कोठे जाते, हा प्रश्न त्या वेळी आमच्यापैकी कोणाला सुचला नाही. पुढे रसायनशास्त्राच्या अभ्यासात आयुष्य गेले, आणि तो प्रश्न त्या काळी मोठमोठ्या प्रयोगशाळांतही फारसा कोणी विचारलेला नव्हता हे समजले, तेव्हा हे पुस्तक लिहावे असे मनाने घेतले.

विषयाचे नाव जरा अवघड आहे : हॅलोजनयुक्त सेंद्रिय संयुगे. ‘हॅलोजन’ या ग्रीक मुळाच्या शब्दाचा अर्थ ‘मीठ निपजविणारे’ असा होतो, आणि फ्लुओरीन, क्लोरीन, ब्रोमीन व आयोडीन ही त्या कुळातील चार मूलद्रव्ये आपल्या विवेचनात वारंवार येतील. ‘सेंद्रिय’ हा शब्द ओळखीचा आहे, आणि ओळखीचा असल्यामुळेच अधिक घोटाळ्याचा आहे. बाजारात सेंद्रिय गूळ किंवा सेंद्रिय भाजी म्हटले, की रासायनिक खते व कीटकनाशके न वापरता पिकविलेला माल असे आपण समजतो. रसायनशास्त्राच्या परिभाषेत मात्र कर्बाच्या सांगाड्यावर उभे असलेले जवळजवळ प्रत्येक संयुग सेंद्रियच, मग ते तुळशीच्या पानातील तेल असो की डीडीटी. पुढील पानांत हा शब्द सर्वत्र याच दुसऱ्या अर्थाने आलेला आहे, एवढी खूणगाठ वाचकाने आरंभीच बांधून ठेवावी.

कर्बाच्या अणूला हॅलोजनाचा अणू जडला, की त्या पदार्थाचा स्वभाव पालटतो. क्लोरीनचे अणू जसजसे वाढत जातात, तसतसा तो पदार्थ पाण्याशी फटकून वागू लागतो, तेलातुपाशी सलगी करतो, आगीला दाद देत नाही आणि मातीतील जिवाणूंच्या पाचकरसांना सहजासहजी वश होत नाही; फ्लुओरीनच्या बाबतीत तर कर्बाशी जडणाऱ्या एकेरी बंधांमध्ये सर्वांत बळकट असा बंध तयार होतो. रोहित्रांत न पेटणारे तेल हवे, शीतकपाटात निर्धोक वायू हवा, तव्याला अन्न चिकटू नये, गादीच्या फोमला आग लागू नये, अशा नाना गरजा गेल्या शतकाने या एका चिवटपणाच्या बळावर भागविल्या. यामागे एक आर्थिक कारणही होते, आणि त्याचा उल्लेख ग्रंथांतून क्वचितच येतो. मिठाच्या द्रावणातून वीज सोडली असता एकीकडे कॉस्टिक सोडा आणि दुसरीकडे क्लोरीन वायू अशी दोन उत्पादने एकाच हिशेबाने निघतात. साबण, कापड आणि कागद यांच्या कारखान्यांना सोड्याची मागणी जितकी अधिक, तितका हा विषारी, साठवून ठेवण्यास जिकिरीचा वायूही अधिक निपजणार, आणि तो कोठे तरी खपविला पाहिजे. क्लोरीनयुक्त मालाच्या भरभराटीत या जोडउत्पादनाच्या निकडीचा वाटा मोठा आहे, असे माझे मत आहे.

तथापि हे कुळच्या कुळ पापी ठरविणे अन्यायाचे होईल. गळ्यातील अवटू ग्रंथी जो थायरॉक्सिन नावाचा अंतःस्राव निर्माण करते, आणि ज्याच्यावाचून अर्भकाचा मेंदू नीट घडत नाही, त्याच्या प्रत्येक रेणूत आयोडीनचे चार अणू असतात. एडवर्ड केंडल यांनी १९१४ साली तो प्रथम शुद्ध स्वरूपात वेगळा केला. भूमध्य समुद्राकाठच्या राजेलोकांची वस्त्रे ज्या जांभळ्या रंगाने रंगत, तो रंग समुद्रातील शंखगोगलगाईंपासून निघे, आणि १९०९ साली पाउल फ्रीडलेंडर यांनी अशा बारा हजार प्राण्यांपासून जेमतेम १·४ ग्रॅम रंग मिळवून त्यात ब्रोमीन असल्याचे सिद्ध केले. समुद्रशैवाले, बुरश्या आणि जिवाणू यांनी घडविलेली अशी संयुगे आज हजारोंच्या घरात मोजली गेली आहेत. परंतु शरीर थायरॉक्सिन घडविते तसे ते उकलूही जाणते. त्यातील आयोडीनचे अणू एकेक करून सोडविणारी विकरे आपल्या यकृतात आणि इतर अवयवांत हजर असतात. कारखान्यांतून आलेल्या बहुतेक पदार्थांना असा उकलणारा भेटत नाही, आणि आपल्या विषयातील सारे दुःख येथून सुरू होते.

डीडीटी हा पदार्थ १८७४ साली स्ट्रासबर्ग येथे ओथमार झाइडलर या तरुण संशोधकाने तयार केला, आणि त्याचा उपयोग काय हे कोणासही ठाऊक नसल्यामुळे तो पासष्ट वर्षे ग्रंथांतच पडून राहिला. १९३९ साली बाझल येथील गायगी कंपनीतील पाउल म्युलर यांना त्याचा कीटकनाशक गुण आढळला, आणि १९४८ साली त्यांना त्याबद्दल वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडे त्याची पहिली मोठी परीक्षा १९४६ साली तत्कालीन मुंबई इलाख्यातील धारवाड आणि उत्तर कानडा या जिल्ह्यांत डॉ. डी. के. विश्वनाथन यांच्या देखरेखीखाली झाली; १९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू झाला आणि १९५८ साली त्याचे रूपांतर निर्मूलनाच्या मोहिमेत करण्यात आले. स्वातंत्र्याच्या सुमारास देशात दरसाल साडेसात कोटी लोक हिवतापाने आजारी पडत आणि आठ लाख दगावत, असा सरकारी अंदाज होता; १९६५ च्या आसपास रुग्णांची नोंद लाखाच्या घरात आली आणि मृत्यू जवळजवळ थांबले. ही कमाई लहान नव्हे. आज डीडीटीचे नाव निघताच नाक मुरडणाऱ्यांपैकी कितीजणांचे आजोबा त्या फवाऱ्यामुळे जगले असतील, याचा हिशेब कोणी मांडलेला नाही, आणि ज्या पिढीने त्या पथकाला दार उघडून आत घेतले तिला दोष देण्याचा अधिकार मला माझ्यापुरता तरी पोचत नाही.

पुढे डास निगरगट्ट झाले. घराच्या भिंतीवर जे औषध हिशेबाने मारले जात होते तेच शेतांतून वारेमाप उधळले गेल्याने त्यांना सराव मिळाला. पैसा, माल आणि उत्साह या तिन्ही बाबतींत मोहीम ढिली पडली, आणि १९७६ साली रुग्णसंख्या चौसष्ट लाखांवर गेली. शेतीतील डीडीटीवर आपल्या देशात १९८९ साली बंदी आली, तरी डासांसाठी त्याचा वापर चालू राहिला आणि आपल्या रायगड जिल्ह्यातील रसायनी येथील सरकारी कारखान्यातून तो माल निघत राहिला. दरम्यान १९६५ साली, म्हणजे मोहीम ऐन भरात असताना, भारतीय माणसाच्या मेदातील कीटकनाशकांचे मोजमाप प्रसिद्ध झाले होते. दिल्लीच्या नागरिकांच्या चरबीतील डीडीटीचे प्रमाण अमेरिकेतील लोकांपेक्षाही अधिक भरले. भिंतीवरचे आणि शेतातले औषध कोठे जाते, याचे उत्तर त्या अहवालात होते. आमच्या गावापर्यंत ते पोचले नाही.

या विषयाचा इतिहास चाळताना एक गोष्ट पुनःपुन्हा मनाला खटकते : हे पदार्थ निर्माण झाले ते बुद्धिपुरस्सर, पेटंटे घेऊन, टनावारी, ते गेले कोठे याचे ज्ञान मात्र बहुतेक वेळा दुसरेच काही शोधीत असलेल्या माणसांच्या हाती आकस्मिकपणे लागले. जेम्स लव्हलॉक या इंग्रज शास्त्रज्ञाने १९५७ साली एक तळहाताएवढे उपकरण तयार केले. इलेक्ट्रॉन गिळणाऱ्या पदार्थांचा अत्यल्प अंशही त्याला जाणवे, आणि हॅलोजनयुक्त संयुगे ही तर इलेक्ट्रॉनांची हावरी; कीटकनाशकांचा माग काढण्यासाठी ते बनविलेले नव्हते, पण ते नसते तर हा माग लागलाच नसता. त्याच उपकरणाने लव्हलॉक यांनी पुढे अटलांटिक महासागरावरील हवेत शीतकपाटांचे वायू सर्वदूर पसरल्याचे पाहिले आणि त्यांपासून काही धोका नाही असे लिहून टाकले; त्या आकड्यांवरून १९७४ साली मोलिना आणि रोलंड यांनी ओझोनच्या ऱ्हासाचे गणित मांडले.

स्टॉकहोमचे सोरेन येनसेन हे डीडीटीच मोजीत होते. आलेखावर डीडीटीच्या शिखरांलगत काही अनोळखी शिखरे उमटत, आणि दुसरा एखादा घाईचा माणूस असता तर ती उपकरणाचा दोष म्हणून सोडून देता. येनसेन यांनी तसे केले नाही. डीडीटी प्रचारात येण्यापूर्वी जमा करून ठेवलेल्या प्राण्यांच्या नमुन्यांतही ती शिखरे दिसली, तेव्हा हा दुसराच कोणी पाहुणा आहे हे त्यांच्या ध्यानी आले. १९६६ साली त्यांनी त्याचे नाव जाहीर केले : पॉलिक्लोरिनेटेड बायफेनिल, म्हणजे पीसीबी, जे १९२९ पासून रोहित्रांत व विद्युत् धारित्रांत भरले जात होते आणि जे बंदिस्त यंत्रांतून बाहेर पडत असेल अशी कोणाची कल्पना नव्हती. माशांत, गरुडांत आणि शेवटी स्वतःच्या, पत्नीच्या व काही महिन्यांच्या मुलीच्या केसांतही त्यांना ते सापडले. ज्या मुलीने अजून मासा खाल्ला नव्हता तिच्या केसांत ते आले ते आईच्या दुधावाटे, असा त्यांनी निष्कर्ष काढला. आपल्याच घरातील पाळण्याशी येऊन थांबलेला तो आलेख पाहताना त्या पित्याला काय वाटले असेल, याचा विचार मी अनेकदा केला आहे.

पण या मालिकेतील जी घटना मला सर्वांत अधिक बोलकी वाटते, ती कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातील आहे, आणि तिच्यापाशी थोडे थांबणे अवश्य आहे. १९८० नंतरच्या दशकात एरिक देवायी हे वैद्य दक्षिण क्वेबेकमधील मातांच्या दुधात पीसीबी किती आहे हे तपाशीत होते. तुलनेसाठी निर्मळ दूध पाहिजे होते. तेव्हा कारखान्यांपासून शेकडो कोस दूर, उत्तर ध्रुवाच्या दिशेला नुनाविक नावाच्या बर्फाळ मुलखात राहणाऱ्या इनुइट मातांचे दूध मागवावे, असे ठरले. ते दूध आले, तपासले गेले, आणि त्यातील पीसीबीचे प्रमाण दक्षिणेतील मातांच्या दुधाच्या सुमारे पाच पट भरले. ज्यांच्या गावी रोहित्राचा कारखाना नव्हता, ज्यांनी कीटकनाशकाचा डबा उघडला नव्हता, त्यांच्या अंगी साऱ्या औद्योगिक जगाची बाकी येऊन जमा झालेली होती.

हे कसे घडते ते नीट समजून घेतले पाहिजे. उष्ण प्रदेशात जमिनीवर पडलेले हे पदार्थ थोडे थोडे हवेत उडतात, वाऱ्याबरोबर थंड प्रदेशाकडे जातात, गारठ्याने खाली बसतात, उन्हाळ्यात पुन्हा उडतात आणि पुन्हा बसतात. अशा टप्प्याटप्प्याने ते ध्रुवाकडे सरकत जातात आणि तेथे पुन्हा उडण्याइतकी ऊब त्यांना मिळत नाही. मग समुद्रातील सूक्ष्म जीव त्यांना टिपतात, त्या जिवांना लहान मासे खातात, त्या माशांना सील, आणि प्रत्येक पायरीवर खाणाऱ्याच्या मेदात खाल्लेल्याच्या मेदातील ऐवज जमा होत जातो, कारण अन्न जळून जाते आणि हे जळत नाही. कॅलिफोर्नियातील क्लिअर लेक या सरोवरात चिलटांच्या बंदोबस्तासाठी १९४९ साली पाण्याच्या सात कोटी भागांस एक भाग इतके अल्प डीडीडी (डीडीटीच्याच जातकुळीचे कीटकनाशक) टाकले होते, आणि पुढल्या दोन फेऱ्यांनंतर तेथील मेलेल्या पाणडुब्या पक्ष्यांच्या चरबीत दर दशलक्ष भागांत १,६०० भाग इतके ते निघाले, हा प्रकार तज्ज्ञांना ठाऊक होता. रेचल कार्सन यांनी १९६२ साली तो सर्वांपुढे मांडलाही होता. नुनाविकमध्ये त्या शिडीच्या वरच्या पायरीवर पक्ष्याऐवजी माणूस उभा होता, एवढाच फरक.

खरे तर माणसाच्याही वर एक पायरी आहे, ती तान्ह्या बाळाची. स्त्रीच्या मेदात वर्षानुवर्षे साठलेला हा ऐवज बाहेर पडण्याची एकच मोठी वाट असते, आणि ती दुधाची. म्हणून पहिल्या अपत्याच्या वाट्यास त्यातला मोठा हिस्सा जातो आणि पुढल्यांच्या वाट्यास उतरता. बेलुगा देवमाशांतही माद्यांच्या चरबीत नरांपेक्षा हे पदार्थ कमी सापडतात, त्याचे कारण हेच. वतनाच्या दस्तऐवजांत थोरल्याचा वडिलकीचा हक्क असा शब्दप्रयोग असे. येथे त्या हक्काला जे रूप आले आहे ते मनाला क्लेश देते. तरीही नुनाविकमधील मातांना अंगावर पाजणे थांबवू नका असेच सांगण्यात आले, आणि ते योग्यच होते, कारण त्या दुधाने जे संरक्षण मिळते त्याची भरपाई डब्यातील भुकटी करू शकत नाही. या पुस्तकातील कोणताही आकडा वाचून कोणा मातेच्या मनात शंका येईल तर ती येथेच, प्रस्तावनेतच, दूर व्हावी अशी माझी मनापासून इच्छा आहे.

शरीरात गेल्यावर हे पदार्थ करतात काय, या प्रश्नाला पुस्तकाचा जवळजवळ निम्मा भाग दिलेला आहे. मोठ्या मात्रेचा परिणाम वादातीत आहे : १९६८ साली जपानात आणि १९७९ साली तैवानमध्ये तांदळाच्या कोंड्याच्या तेलात पीसीबी मिसळले गेले, खाणाऱ्यांच्या त्वचेवर काळ्या पुटकुळ्या उठल्या, आणि तैवानमध्ये ते तेल खाल्लेल्या मातांची पुढे जन्मलेली मुले वाढीत व बुद्धीत मागे राहिल्याचे आढळले. अल्प मात्रेविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत आणि ते मी झाकलेले नाहीत. तथापि एक साम्य ध्यानात घेण्याजोगे आहे. रक्तात थायरॉक्सिन वाहून नेणारे ट्रान्सथायरेटिन नावाचे एक प्रथिन असते. यकृताने थोडेबहुत बदललेले पीसीबी आकाराने थायरॉक्सिनशी इतके मिळतेजुळते ठरते, की ते त्या प्रथिनावर थायरॉक्सिनची जागा बळकावून बसते. अर्भकाच्या मेंदूसाठी निघालेल्या पालखीत भलताच बसलेला असावा, तसे हे आहे.

काही विषय मी जाणूनबुजून आटोपते घेतले आहेत. गावच्या विहिरीत टीसीएल पावडर टाकली असता पाण्यातील पालापाचोळ्याच्या अंशांशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरोफॉर्मसारखे पदार्थ अल्प प्रमाणात तयार होतात, हे योहानेस रूक यांनी १९७४ साली रॉटरडॅमच्या पाण्यावरून दाखविले. परंतु पटकी आणि विषमज्वर यांच्याशी तुलना करता तो धोका इतका लहान आहे, की त्याच्या भीतीने पावडर टाकणे बंद करणे हा शुद्ध अविचार होईल. गिधाडांचा संहार करणाऱ्या डायक्लोफेनॅकच्या रेणूतही क्लोरीनचे दोन अणू आहेत, पण तेथे मृत्यू आला तो मूत्रपिंडे निकामी होऊन, साठवणीमुळे नव्हे. म्हणून ते प्रकरण या ग्रंथात घेतले नाही. फ्लुओरीनयुक्त संयुगांना मात्र स्वतंत्र प्रकरण दिले आहे, कारण ती मेदात न राहता रक्तातील प्रथिनांना चिकटतात, आणि काहींना निम्म्याने ओसरण्यासही वर्षे लागतात. त्यांचा शोधही असाच आकस्मिक : डोनाल्ड टेव्ह्ज हे १९६८ साली रक्तातील साधे फ्लुओराइड मोजीत असता हिशेब जुळेना, आणि जे उरत होते ते सेंद्रिय स्वरूपाचे आहे असे त्यांना दिसून आले.

स्टॉकहोम येथे २००१ साली झालेल्या आंतरराष्ट्रीय करारात आरंभी अशा बारा पदार्थांची यादी होती. भारताने २००६ साली त्यास मान्यता दिली, आणि यादी पुढे वाढत गेली. एंडोसल्फानचे नाव तीत २०११ साली आले, आणि त्याच वर्षी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने त्यावर देशभर मनाई केली. तोवर केरळातील कासरगोडच्या काजूबागांवर हेलिकॉप्टरमधून ते दोन दशकांहून अधिक काळ फवारले गेले होते. करारांची कलमे आणि त्यांतील पळवाटा यांची छाननी शेवटच्या प्रकरणात केली आहे. त्याच प्रकरणात, आपल्याकडे मातेच्या दुधाचे आणि रक्ताचे नमुने वर्षानुवर्षे जपून ठेवणारी एक कायम व्यवस्था असावी, अशी सूचनाही मी केली आहे, आणि ती सूचना स्वीडनच्या अनुभवावरून सुचलेली आहे. स्टॉकहोममधील दुग्धकेंद्रात मातांनी दिलेल्या दुधाचे काही नमुने गोठवून ठेवण्याची पद्धत होती. १९९०च्या दशकाच्या अखेरीस ते नमुने वितळवून तपासले, तेव्हा डीडीटी आणि पीसीबी बंदीनंतर वर्षागणिक उतरत गेल्याचे दिसले. पण त्याच बाटल्यांत आग न लागण्यासाठी फोममध्ये घातल्या जाणाऱ्या ब्रोमीनयुक्त संयुगांचे प्रमाण १९७२ ते १९९७ या काळात दर पाच वर्षांनी दुप्पट होत गेलेले आढळले. ती संयुगे १९७२ साली कोणी शोधीत नव्हते. ज्या मातांनी ते दूध दिले त्यांनी, आणि ज्या परिचारिकांनी त्या बाटल्यांवर तारखा घातल्या त्यांनी, त्यांचे नावही ऐकलेले नव्हते.